कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर : तंबाखूच्या गावातून एक स्मरण

निपाणीचे नाव काढले की कोल्हापूरकरांच्या मनात प्रथम काय येते ते मला ठाऊक आहे. कागल मागे पडले, दूधगंगा गेली, यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल ओलांडला, की मोटारीच्या खिडकीतून एक उग्र आणि किंचित गोडसर वास आत येतो. शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावतो आणि बाई पदर लावतात. आम्हां निपाणीकरांना मात्र तो वास आला की घर आले असे वाटते. सिधोजीराव निंबाळकरांचा वाडा आणि तंबाखूच्या वखारी या दोन गोष्टींवर आमच्या गावाची ओळख उभी आहे, आणि खरे सांगावयाचे तर वाड्याने गावाला कीर्ती दिली असली तरी भाकरी वखारींनीच दिली. आमच्या घरातील दोन पिढ्यांनी वखारीत दिवाणजीचे काम केले. माझे शिक्षण त्याच पैशावर झाले. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते गावाला नावे ठेवण्यासाठी नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मावशींच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा दिसू लागला. मावशी पन्नास वर्षे मिश्री लावीत होत्या. आमच्याकडच्या बायकांना मिश्री म्हणजे काय हे सांगावयास नको. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटावयाची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळावयाची. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासावयास धाडला आणि अहवाल येईपर्यंतचे आठ-दहा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. त्या दिवसांत मी या विषयावर हाती लागेल ते वाचीत सुटलो. इंग्रजी ग्रंथ असो, जागतिक आरोग्य संघटनेचे अहवाल असोत, मागे मागे जात राहिले की एका ठिकाणी येऊन वाट थांबे, आणि तेथे एक मराठी नाव उभे असे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

हे नाव जुन्या मुंबईकरांना विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आठवत असेल. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ते विकृतिशास्त्राचे आद्य गुरू म्हणून ठाऊक असते. परंतु ज्या कामामुळे जगाच्या वैद्यकीत त्यांचे नाव राहिले ते काम आपल्या पानदानाशी, आपल्या चंचीशी आणि आपल्या धोतराच्या निऱ्यांशी निगडित आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असावे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. आडनावावरून वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीशी असलेले नाते उघडच दिसते. वैद्यकीचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनला घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळविली. त्या काळी विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला हुषार तरुण मुंबईत दवाखाना थाटी, दहा वर्षांत मोटार घेई आणि पंधरा वर्षांत बंगला बांधी. खानोलकर परत आले ते अध्यापक होऊन. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. हा विषय असा की त्यात रोगी भेटत नाही, फी मिळत नाही आणि बरा झालेला माणूस पेढे घेऊन येत नाही. रोगी मेला तर का मेला आणि जगला तर त्याला नेमके झाले होते काय, एवढेच त्यात सांगावयाचे असते.

येथे थोडे थांबून हे काम चालते कसे ते सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. शस्त्रवैद्य गाठीचा तुकडा काढतो. तो औषधात मुरवून मेणात बसवितात. मग सूक्ष्म पात्याच्या यंत्राने त्याचे इतके पातळ काप काढतात की कांद्याचा पापुद्राही त्यापुढे जाड वाटावा. ते काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवितात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या ठिपक्यांचे आणि गुलाबी पसाऱ्याचे एक चित्र उभे राहते. निरोगी गालाच्या त्वचेत पेशींचे थर विटांच्या भिंतीसारखे शिस्तीने बसलेले असतात. कर्करोगात ही भिंत मोडते, पेशी आपली जागा सोडून खालच्या मांसात घुसतात. ही घुसखोरी झाली आहे की नाही एवढ्यावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरते. मावशींचा अहवाल ज्या कोणी लिहिला त्यांनीही हेच पाहिले असणार.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून खानोलकर गेले. तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीसच्या आसपास होते. या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनचा हिशेब करू लागतो. त्यांचे खरे काम मात्र तेथून सुरू झाले.

त्या काळापर्यंत अनेक युरोपीय डॉक्टरांचा असा समज होता की कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्यांचा रोग असून हिंदुस्थानात तो फारसा आढळत नाही. हा समज तपासून पाहणारे आधीही काही जण झाले होते. खानोलकरांनी त्याची फोड अगदी व्यवहारी रीतीने केली. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग. जेथे माणसे पटकी, प्लेग, हिवताप आणि बाळंतपण यांतच मरतात तेथे कर्करोगाला माणूस उरतच नाही. शिवाय खेड्यात मेलेल्याचे निदान करतो कोण? दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे वय लक्षात घेऊन पाहिले तर आपल्याकडे रोग कमी नाही. फक्त तो शरीराच्या वेगळ्या ठिकाणी होतो.

हे वेगळे ठिकाण म्हणजे तोंड. १९४४ साली अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकाच्या चौथ्या खंडात त्यांचा मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावरील निबंध आला. त्यात १००० रोग्यांचा आढावा होता. महायुद्ध चालू असताना मुंबईहून अमेरिकेस निबंध जाऊन छापून आला, हीच त्या काळी नवलाची गोष्ट. निबंध अवघा सात पानांचा आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग म्हटला की ओठ आणि जिभेचा पुढचा भाग डोळ्यांपुढे येई. मुंबईत तो गालाच्या आत आणि जिभेच्या मुळाशी दिसत होता. एकाच रोगाने दोन देशांत दोन जागा का धराव्यात? पाश्चात्त्य माणसाच्या गालात जे नसते आणि आमच्या गालात असते ते काय, असा प्रश्न एकदा विचारला की उत्तरासाठी पानदानापलीकडे जावे लागत नाही. अर्थात प्रश्न सुचणे हेच अवघड होते. गालात विडा धरलेला माणूस आपल्याकडे इतका रोजचा की तो कोणाच्या नजरेत भरत नसे.

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, अमेरिकेच्याच आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी या नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांचा दुसरा निबंध आला. मला विचाराल तर डॉक्टरसाहेबांच्या साऱ्या लेखनात हा मुकुटमणी आहे. रूढींमुळे होणारा कर्करोग हा त्याचा विषय आणि हिंदुस्थानातील तीन नवे प्रकार त्यात वर्णिले आहेत. पहिला धोतराचा. कमरेला रोज एकाच जागी धोतर किंवा लुगडे घट्ट आवळून बांधले जाते, घाम आणि घर्षण यांनी त्या जागी कातडी काळवंडते, जाड होते, चिरते, आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी तेथेच कर्करोग होतो. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशेषतः विशाखापट्टणच्या बाजूस, बायका तंबाखूची जाडी विडी पेटवून तिचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना टाळूचा कर्करोग होतो, जो इतर देशांत क्वचितच दिसे. तिसरा खैनीचा. उत्तरेकडे बिहार वगैरे प्रांतांत तंबाखू चुन्याबरोबर मळून खालच्या ओठामागे धरतात, आणि गाठ येते ती नेमकी त्याच खोबणीत.

या निबंधाची गंमत ही की त्यात माणसाने आपल्या हाताने जेथे जे ठेवले तेथेच रोग उगवला. त्याहून सरळ पुरावा कोणता हवा? लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या कातडीला होणारा कर्करोग १८६६ साली डॉ. एल्म्स्ली यांनी नोंदला होता. खानोलकर आणि सूर्याबाई यांचा निबंध त्याच परंपरेतला. फरक एवढाच की येथे पाहणारे परके नव्हते. धोतर कसे नेसतात, गाठ कोठे येते, मिरी कोठे रुतते हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नव्हते. डॉ. सूर्याबाईंविषयी आपल्याकडे काहीच लिहिले जात नाही, याचे मात्र मला वाईट वाटते.

धोतर आता लग्नमुंजीपुरते उरले आहे. म्हणून तो पहिला प्रकार इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. २०२४ साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीखाली झालेल्या अशाच कर्करोगाच्या दोन रुग्णा ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या एका शाखापत्रात नोंदविल्या. एकोणऐंशी वर्षांपूर्वी वर्णिलेली जागा तीच, फक्त वस्त्र बदलले.

तरीही वर सांगितलेल्या दोन निबंधांत एक उणीव होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. रुग्णालयात आलेल्या हजार रोग्यांपैकी बहुतेक तंबाखू खाणारे निघाले म्हणून तंबाखू दोषी ठरत नाही. कारण रोग नसलेल्यांपैकीही बहुतेक तंबाखू खात असतील तर काय? न्यायालयात एकाच बाजूचे साक्षीदार उभे करून निकाल मागण्यासारखे ते झाले. १९५० साली अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, आणि इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि सिगारेटचा संबंध दाखविताना दुसऱ्या बाजूचेही साक्षीदार बोलावले. म्हणजे कर्करोगाचे रोगी आणि तो रोग नसलेले लोक, दोघांनाही तेच प्रश्न विचारले आणि उत्तरांची तुलना केली. खानोलकरांच्या मंडळींनी ही रीत उचलली. डॉ. लब्धिचंद्र सांघवी यांच्यासारखे आनुवंशिकी आणि संख्याशास्त्र जाणणारे सहकारी त्यांच्याजवळ होतेच. १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पाने चार. त्यात तंबाखू खाणे आणि ओढणे यांचा हिशेब वेगवेगळा मांडलेला आहे. खाणाऱ्यांना मुख्यतः तोंडाच्या आतील भागाचा, आणि विडी ओढणाऱ्यांना जिभेचे मूळ आणि घसा यांचा धोका अधिक, असा निष्कर्ष निघाला. सिगारेटीविषयी जग बोलत होते. विडीविषयी इतक्या नीटपणे बोलणारे मुंबईतच निघाले.

आमच्या निपाणीत पिकते ती तंबाखू मुख्यतः विडीचीच. पौष-माघात झाडे कापून शेतातच उन्हात वाळू घालतात, मग ती वखारीत येते. तेथे बायका ती कुटतात, चाळतात, पाखडतात. तोंडाला फडके बांधून दिवसभर त्या धुळीत बसावयाचे आणि संध्याकाळी खोकत घरी जावयाचे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यांच्यापैकी कित्येकींच्या कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी असे. वखारीतून निघालेला चुरा टेंभुर्णीच्या पानात वळला जाऊन कोठे कोठे जाई! मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, आणि शेवटी परळच्या त्या रुग्णालयातही तो खोकल्याच्या रूपाने पोचत असला पाहिजे. दिवाणजीच्या चोपडीत या शेवटच्या टप्प्याची नोंद नसते.

डॉक्टरसाहेबांच्या नावावर शंभरावर शोधनिबंध आणि तीन ग्रंथ आहेत. त्या सगळ्यांची याद येथे देण्यात स्वारस्य नाही. वर सांगितलेल्या तिघांची पाने मोजली तर बावीस होतात, आणि माझ्या मते त्यांच्या कीर्तीचा निम्मा भार ही बावीस पाने वाहतात. तथापि दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. मुंबई हे अनेक जातिजमातींचे गाव. पारशी बायकांना स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी, तर हिंदू बायकांत उलट. दक्षिणी आणि गुजराती मंडळींत घशा-तोंडातील जागाही निरनिराळ्या. हे फरक रक्तातले की राहणीतले हे ठरविण्यासाठी सांघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची रक्तगटांसारखी सात आनुवंशिक लक्षणे मोजली आणि १९४९ साली तो निबंध लंडनच्या आनुवंशिकीविषयक वार्षिकांत छापला. आपापल्या पोटजातीचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांनी तो वाचण्यासारखा आहे. कर्करोगापुरते म्हणावयाचे तर तोंडाच्या रोगात रक्तापेक्षा सवयीचाच वाटा मोठा निघाला.

दुसरा विषय महारोगाचा, ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो. अगदी आरंभीच्या फिकट डागांच्या कापांचा त्यांनी सूक्ष्मपणे अभ्यास केला आणि हा रोग मज्जातंतूंच्या वाटेने कसा पसरतो ते दाखविले. हे काम टिकले. मात्र १९५८ साली कुष्ठरोग्याच्या गाठीतून काढलेला एक जंतू त्यांच्या संस्थेने प्रयोगशाळेत वाढविला, तो कुष्ठरोगाचाच जंतू आहे ही त्या वेळची आशा खरी ठरली नाही. तो दुसऱ्याच कुळातला निघाला. पुढे त्याच जंतूपासून लस करण्याचे प्रयत्न झाले ही गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या चरित्रात असे पान असले म्हणजे ते गाळावयाचे अशी आपल्याकडे पद्धत आहे, पण मला ती पटत नाही.

तिसरी गोष्ट संस्थेची. १९५२ साली भारत सरकारच्या आरोग्य खात्याखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले आणि त्याची घडण खानोलकरांनी केली. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. माहेरच्या त्या समर्थ. त्यांचे वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा रणदिवे यांनी उभी केली आणि पुढे १९६६ ते १९७० या काळात संस्थेची धुराही वाहिली. १९४५ च्या निबंधावर एका बाईंचे नाव बरोबरीने, आणि वीस वर्षांनी संस्थेच्या प्रमुखपदी एक बाई! त्या काळच्या आपल्या कॉलेजांचे आणि कचेऱ्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे याचे मोल कळेल.

मानसन्मान भराभर सांगून टाकतो. भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघाचे ते पहिले अध्यक्ष. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत ते भारताचे प्रतिनिधी होते. पद्मभूषण मिळाले. १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, आणि १९६३ पासून दहा वर्षे वैद्यकीचे राष्ट्रीय प्राध्यापक. महामहोपाध्याय पां. वा. काणे हेही याच विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. धर्मशास्त्रात रूढींचा शोध घेणारे एक आणि सूक्ष्मदर्शकाखाली रूढींचा शोध घेणारे दुसरे, असा योग एका कोकणपट्टीने जुळवून आणला! १९७८ च्या ऑक्टोबरात डॉक्टरसाहेब वारले.

त्यांच्या कामाचा पुढे काय उपयोग झाला हे विचारणे रास्त आहे. रुग्णालयातील रोगी मोजले तरी गावात दर लाखामागे किती हे कळत नाही. ही त्यांच्या वेळची दुसरी उणीव. ती भरून काढण्यासाठी १९६३ साली मुंबईत शहरभरच्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि १९८७ साली बार्शीला खेड्यांसाठी. १९६६ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासण्याचा उद्योग आरंभिला. त्यांतील पुणे जिल्ह्याच्या पाहणीत १,०१,७६१ खेडुतांची तोंडे पाहिली गेली आणि तिचा निबंध १९७२ साली निघाला. विजेरी घेऊन एक लाख तोंडांत डोकावणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूसह विडा खाण्याने कर्करोग होतो असा निर्णय दिला, तेव्हा आधारासाठी मागे वळून पाहताना मुंबईच्या मंडळींचे काम डोळ्यांआड करणे शक्य नव्हते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच संस्थेच्या पुढच्या ग्रंथात तंबाखू नसलेली नुसती सुपारीही दोषी ठरली. जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकून तंबाखू खाणाऱ्याला उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांची त्यामुळे मोठीच अडचण झाली आहे.

सरकारी कायदा मात्र सावकाश चालला. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापावयास लावले, पण विडीला आणि खाण्याच्या तंबाखूला त्यातून वगळले. म्हणजे १९४४ आणि १९५५ च्या निबंधांत ज्यांच्यावर बोट ठेवले होते नेमक्या त्याच वस्तू सुटल्या. त्या कायद्याच्या कक्षेत आल्या २००३ साली.

वगळण्याचे कारण निपाणीत राहणाऱ्याला समजते. १९८१ च्या मार्च महिन्यात तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी आमच्या गावाबाहेर पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन बसले. एप्रिलच्या ६ तारखेला गोळीबार झाला आणि माणसे मेली. ज्यांनी छातीवर गोळी घेतली त्यांच्यापुढे परळच्या प्रयोगशाळेतील काचपट्टी धरून काय सांगावयाचे? त्यांचा सौदा पोटाशी होता. काळ्या जमिनीत तंबाखू जो पैसा देते तो जोंधळा देत नाही, आणि वखार बंद पडली तर पाखडणारी बाई दुसऱ्या दिवशी कोठे जाईल हे कोणी सांगितलेले नाही. निपाणी १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्या वादात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी जितकी भाषणे केली त्याच्या शतांशही या प्रश्नावर झाली नसतील. गावाबाहेर दोन पावले टाकली की महाराष्ट्र, परतली की कर्नाटक. तंबाखू आणि तिचा रोग मात्र सरहद्द न विचारता जातात-येतात.

डॉक्टरसाहेबांवर एक आक्षेप मी कधीकधी मनाशी घेतो. त्यांचे सारे मोठे निबंध इंग्रजीत, अमेरिकेच्या आणि विलायतेच्या नियतकालिकांत. ज्या गालांवरून हे ज्ञान निघाले त्या गालांपर्यंत ते मराठीत पोचावयास तीन-चार दशके लागली. पण हा दोष त्यांच्या एकट्याच्या पदरात घालणे योग्य नव्हे. जगाने मानल्याशिवाय आपल्याच लोकांनी मानले नसते, हेही तितकेच खरे. आणि खेड्यात जाऊन सांगण्याचे काम संशोधकाचे की आम्हां लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे? आमच्या घरात वर्तमानपत्र येत होते, शाळामास्तर होते, वकील होते. मिश्रीचा तवा मात्र कोणीच चुलीवरून उतरविला नाही.

टाटा मेमोरियलशी जोडलेली ती संशोधनसंस्था २००२ नंतर नवी मुंबईत खारघरला गेली आहे. तेथील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव आहे. शोधिका हा शब्द मला आवडला.

मावशींचा अहवाल अकराव्या दिवशी आला. पेशींची भिंत अजून मोडली नव्हती. डॉक्टरांनी मिश्री बंद करावयास सांगितले आणि दर सहा महिन्यांनी दाखवावयास बोलाविले. मावशींनी खानोलकरांची सगळी हकीकत माझ्याकडून ऐकून घेतली, वेंगुर्ल्याकडचे का, एवढे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मिश्री भाजण्याचा तवा परड्यात नेऊन टाकला. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी तो मागितला तेव्हा त्यांनी दिला नाही. तिच्या हाती गेला तर त्यावर मिश्रीच भाजली जाईल, असे म्हणून त्यांनी तो भंगारवाल्यास दिला आणि त्या बाईंना बाजारातून भाकरीचा नवा तवा आणवून दिला.